महिन्याचे दोन दिवस आणि एक कॅमेरा : अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमधील प्रसारण पत्रकारांसाठी

अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे लष्कराच्या राखीव दलात, प्रसारण पत्रकार म्हणून दाखल होणाऱ्या जवानाने सर्वांत आधी स्वतःच्या दिवसांचा हिशेब मांडावा. महिन्यातून एकदा शनिवार-रविवारची हजेरी असते, तिला रिझर्व्हमध्ये ‘बॅटल असेंब्ली’ म्हणतात. त्या दोन दिवसांच्या चार हजेऱ्या धरल्या जातात, म्हणून वर्षाच्या अठ्ठेचाळीस होतात. त्याखेरीज वर्षातून एकदा सुमारे दोन आठवड्यांचे सलग प्रशिक्षण असते. कुठे मोहिमेवर पाठवणी झाली नाही, तर वर्षभराचे सगळे काम एवढ्या दिवसांत बसवावे लागते. या दिवसांतले निम्मे तर कवायती, वैद्यकीय तपासण्या, नेमबाजीची पात्रता आणि कागदपत्रे यांतच जातात. तुम्ही पत्रकार असलात तरी आधी सैनिक आहात, त्यामुळे त्यातून सूट मिळत नाही आणि ती मागूही नये.

हा लेख नवख्यांसाठी आहे. अमेरिकेचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, असलेल्या तरुणांना आर्मी रिझर्व्हचे दार खुले आहे, आणि मराठी घरांतूनही या कामाबद्दल अधूनमधून विचारणा होते. ‘लष्करात पत्रकार कशाला लागतो?’ हा आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो. लष्कर जनतेच्या पैशावर चालते आणि त्यात जनतेचीच मुले असतात. ती काय करतात, हे जनतेला खरेखरे आणि वेळेवर कळावे, म्हणून हे काम आहे, एवढेच त्याचे सरळ उत्तर आहे.

दाखल होण्यापूर्वी आणि शिकताना

पूर्वी या शाखेत दोन वेगळी पदे होती. लेखी बातमीदारी आणि छायाचित्रण करणाऱ्याचा संकेतांक ४६ क्यू होता, तर रेडिओ-टीव्हीचे काम करणाऱ्याचा ४६ आर. आता ही दोन्ही पदे ४६ एस या एकाच पदात विलीन झाली आहेत. त्यामुळे आजच्या जवानाला लिहिता, फोटो काढता, चित्रण आणि संकलन करता, आणि माइकसमोर बोलताही यावे लागते. भरतीपूर्वी ‘ॲसव्हॅब’ नावाची परीक्षा होते. तिच्यातल्या शब्दज्ञान, उताऱ्यांचे आकलन आणि गणिती तर्क या भागांवरून जे ‘जनरल टेक्निकल’ गुण काढतात, ते या पदासाठी चांगले असावे लागतात, म्हणून तिची तयारी मन लावून करावी.

दहा आठवड्यांचे मूलभूत लष्करी प्रशिक्षण झाले की मेरीलँडमधील फोर्ट मीड येथे डिफेन्स इन्फर्मेशन स्कूलमध्ये पाठवतात. सगळे या संस्थेला ‘डिनफॉस’ म्हणतात. १९६० च्या दशकाच्या मध्यात ती इंडियानातील फोर्ट बेंजामिन हॅरिसन येथे गेली आणि १९९५ पासून फोर्ट मीडमध्ये आहे. तिथे लष्कर, नौदल, हवाई दल आणि मरीन कोअरचे विद्यार्थी एकाच बाकावर बसून शिकतात.

मराठी मातृभाषा असलेल्यांना एक सूचना आवर्जून करतो. इंग्रजीत ‘व’चे दोन उच्चार आहेत. एक दातांनी खालचा ओठ दाबून होतो, दुसरा ओठांचा चंबू करून. आपल्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात. अंगात घालायचे ते ‘व्हेस्ट’ आणि पश्चिम दिशा ती ‘वेस्ट’. मराठीत लिहिताना आपण ‘व्ह’ आणि ‘व’ असा फरक करतो, बोलताना मात्र तो अनेकदा पुसला जातो. पण रेडिओवरून सूचना देताना बंडी आणि दिशा यांची गल्लत होऊन चालत नाही. या एका अक्षरासाठी मी महिनाभर रोज सकाळी आरशासमोर उभे राहून बातम्या मोठ्याने वाचल्या आहेत. आपली मूळ ढब पुसून टाकण्याची गरज नसते, प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याला पहिल्या खेपेस कळला म्हणजे झाले.

आपली तुकडी ओळखा

राखीव दलात या कामाच्या तुकड्या दोन-तीन प्रकारच्या असतात. ‘मोबाइल पब्लिक अफेअर्स डिटॅचमेंट’ ही जनसंपर्काची, म्हणजे ‘पब्लिक अफेअर्स’ची, फिरती तुकडी बातम्या, फोटो, व्हिडिओ आणि बाहेरच्या पत्रकारांची व्यवस्था असे सगळे पाहते. ‘ब्रॉडकास्ट ऑपरेशन्स डिटॅचमेंट’ ही खास रेडिओ-टीव्हीसाठी उभारलेली तुकडी. टेक्ससमधील ग्रँड प्रेरी येथली २०६ वी आणि कॅलिफोर्नियातली २२२ वी ही अशा तुकड्यांची उदाहरणे आहेत. माणसे मोजकीच असल्यामुळे प्रत्येकाला सगळे काम यावे लागते आणि एक जण गैरहजर राहिला तर ते लगेच जाणवते.

या तुकड्यांचे नाते ‘अमेरिकन फोर्सेस नेटवर्क’शी जुने आहे. ४ जुलै १९४३ रोजी लंडनहून या जाळ्याचे प्रसारण सुरू झाले. परदेशात असलेल्या सैनिकांना घरच्या भाषेत गाणी, खेळांचे निकाल आणि बातम्या मिळाव्यात हा हेतू होता. इराक युद्धाच्या काळात बगदादहून १०७.७ या लहरीवर चालणाऱ्या ‘फ्रीडम रेडिओ’वर आळीपाळीने काम करणाऱ्यांमध्ये राखीव दलाच्या प्रसारण तुकड्याही होत्या. या केंद्रांवर व्यापारी जाहिराती नसतात. त्यांच्या जागी सैनिकांच्या उपयोगाच्या छोट्या सूचना वाजतात: पाणी किती प्यावे, मतपत्रिका कशी मागवावी, मन खचले तर कोणाला गाठावे. तीस सेकंदांत एवढे सांगणे सोपे नसते. नवख्याने आधी अशा सूचना लिहायला बसावे, कारण शब्द काटकसरीने वापरण्याची सवय तिथेच लागते.

शनिवार उजाडण्यापूर्वी

माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि नवखे नेमके इथेच ढिले पडतात. ज्या पलटणीचे चित्रण करायचे आहे, तिच्या शनिवारच्या कार्यक्रमाची चौकशी शनिवारी सकाळी केली तर अर्धा दिवस हातचा जातो. आदल्या आठवड्यातच फोन करावा. पुष्कळ पलटणींमध्ये पब्लिक अफेअर्सचे जादा काम सांभाळणारा एक प्रतिनिधी नेमलेला असतो, त्याला गाठावे. तो नसेल तर फर्स्ट सार्जंटशी, म्हणजे तिथल्या सर्वांत वरिष्ठ सार्जंटशी, बोलावे. नेमके कोणते काम, किती वाजता, कुठे चालणार आहे आणि ते का चालणार आहे, एवढे चार प्रश्न विचारावेत. चौथ्याचे उत्तर मिळाले म्हणजे बातमी अर्धी हातात आली असे समजावे.

सामान सहीवर मिळते. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, कॉलर माइक, वायरी, सगळ्यांचे क्रमांक कागदावर असतात आणि सही करताच जबाबदारी तुमची होते. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा. बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज कराव्यात. मेमरी कार्डे रिकामी करण्याआधी जुने फुटेज उतरवले आहे ना, हे दोनदा पाहावे. हेल्मेट, हातमोजे आणि कानांचे बोळे यांना कॅमेऱ्याच्या पिशवीतच कायमची जागा द्यावी, कारण गोळीबाराच्या मैदानावर त्यांच्याविना कोणी पाऊलही ठेवू देत नाही. कानांत बोळे असताना हेडफोनवरून आवाजाचा अंदाज येत नाही, तेव्हा पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीकडे डोळा ठेवून काम करायला शिकावे लागते.

मैदानात

राखीव दलात रणगाड्यांपेक्षा डॉक्टर, परिचारिका, अभियंते, ट्रकचालक, इंधन आणि पाणी पुरवणारे जवान यांचा भरणा अधिक आहे. त्यामुळे तुम्हाला मिळणाऱ्या बातम्याही याच असतील. उदाहरणासाठी पाणी शुद्ध करणारी तुकडी घेऊ. विस्कॉन्सिनमधील फोर्ट मकॉय किंवा कॅलिफोर्नियातील फोर्ट हंटर लिगेट येथे होणाऱ्या मोठ्या सरावांत अशा तुकड्या तळ्याचे किंवा ओढ्याचे पाणी घेऊन ते रिव्हर्स ऑस्मोसिस यंत्रातून पिण्याजोगे करतात.

नवखा तिथे गेला की लांबून सगळे दृश्य एकदाच टिपतो, तंबू, यंत्र, माणसे, आणि काम झाले असे समजतो. तसे करू नये. आधी दूरचा शॉट घ्यावा, म्हणजे जागा कळते. मग मध्यम शॉट: दोन जवान जाड नळी खांद्यावर घेऊन काठाकडे जात आहेत. मग जवळचे: चिखलात रुतलेला बूट, पाण्यात बुडणारे नळीचे तोंड, झडप फिरवणारी बोटे, दाब दाखवणाऱ्या चकतीवरचा थरथरता काटा. त्यानंतर त्या काट्याकडे पाहणारा चेहरा. शेवटी नमुन्याच्या बाटलीत पडणारे स्वच्छ पाणी आणि ती बाटली उजेडात धरून पाहणारी जवान. प्रत्येक शॉट कॅमेरा न हलवता किमान दहा सेकंद ठेवावा. संकलन करताना तीनच सेकंद लागतात हे खरे, पण कोणते तीन ते मैदानात कळत नाही. पंपाची घरघर, पाण्याचा आवाज, जवानांचे एकमेकांना हाक मारणे, हे सगळे वेगळे आणि नीट मुद्रित करावे. निवेदनाशिवाय नुसत्या या आवाजांवर पॅकेजची, म्हणजे संकलन करून तयार केलेल्या व्हिडिओ-बातमीची, सुरुवात करता येते आणि ती बहुतेक वेळा चांगली होते.

एखादा शॉट हुकला तर ‘जरा पुन्हा करून दाखवा’ असे म्हणायचा मोह होतो. तसे म्हणू नये. जे घडले तेच दाखवायचे, घडवून आणलेले घडले म्हणून दाखवायचे नाही. झडप पुन्हा कधी फिरवणार हे विचारून थांबावे. पुष्कळ कामे दिवसातून अनेकदा होतात, आणि दुसऱ्या खेपेला कॅमेरा योग्य जागी असतो.

बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे बोलणे, घेताना पहिले वाक्य ठरलेले असते. समोरच्याने कॅमेऱ्यात आपले नाव, त्यातले एकेक अक्षर, हुद्दा, पलटण आणि काम सांगायचे. हे नंतर दाखवायचे नसते, पण ते फुटेजमध्ये असलेच पाहिजे. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येईल असा प्रश्न विचारू नये. ‘पहिल्यांदा हे यंत्र लावले तेव्हा काय अडचण आली?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. दोन क्षण गप्प राहावे, कारण खरे वाक्य कधीकधी त्या शांततेनंतर येते.

काय दाखवायचे नाही

डिनफॉसमध्ये चार कसोट्या पाठ करून घेतात: सुरक्षितता, अचूकता, धोरण आणि औचित्य. पाठ करणे सोपे आहे. कॅमेरा हातात असताना पाठीमागच्या भिंतीकडे पाहण्याची सवय लागायला मात्र वेळ लागतो. भिंतीवर नकाशा आहे का, संगणकाचा पडदा उघडा आहे का, फळ्यावर रेडिओच्या लहरींचे आकडे आहेत का, कोणाच्या छातीवर ओळखपत्र लटकते आहे का, हे रेकॉर्डिंगचे बटण दाबण्यापूर्वी पाहावे. नको ते टिपले गेले तर ते लपवू नये, वरिष्ठांना ताबडतोब सांगावे.

कैद्यांच्या बाबतीत तिसऱ्या जिनिव्हा कराराचे १३ वे कलम स्पष्ट आहे. युद्धकैद्यांना अपमानापासून आणि लोकांच्या बघ्या नजरेपासून संरक्षण द्यायचे असते, म्हणून त्यांची ओळख पटेल असे चित्रण प्रसिद्ध करायचे नाही. मृत सैनिकाचे नाव त्याच्या घरच्यांना अधिकृतपणे कळवल्यानंतर चोवीस तास उलटेपर्यंत जाहीर होत नाही. या नियमामागे एक घर आहे, एक दार आहे, आणि त्या दारावर वर्दीतला अधिकारी उभा राहण्यापूर्वी कोणत्याही आईला ती बातमी फोनच्या पडद्यावर दिसू नये, एवढी साधी माणुसकी आहे. मित्राच्या खासगी गटात टाकलेला एक फोटोसुद्धा हा नियम मोडू शकतो.

चित्रात फेरफार करायला मनाई आहे. उजेड-अंधार सुधारणे आणि चौकट कापणे चालते, पण चित्रातून एखादी वस्तू पुसणे किंवा चित्रात भरणे चालत नाही. मानसशास्त्रीय मोहिमा चालवणारी शाखाही लष्करात आहे, परंतु ती वेगळी आहे. शत्रूचे किंवा परक्या लोकांचे मन वळवणे हे तिचे काम. आपण आपल्याच देशातल्या लोकांना माहिती देतो, आणि ही सीमा कोणी पुसट करू लागले तर कनिष्ठातल्या कनिष्ठ जवानानेही आपल्या पब्लिक अफेअर्स अधिकाऱ्याला विचारावे.

संकलन, ओळी आणि पाठवणी

दीड मिनिटाचे पॅकेज हे नवख्यासाठी योग्य माप आहे. लिहिण्यापूर्वी सगळ्या बाइट ऐकाव्यात, त्यांतल्या दोन किंवा तीन निवडाव्यात आणि निवेदन त्यांच्याभोवती गुंफावे. चित्रात दिसते तेच निवेदनात सांगू नये. पाणी दिसत असताना ‘हे पाणी आहे’ असे सांगण्यापेक्षा हे पाणी कोणत्या तळ्यातून आले आणि आज रात्री कोण पिणार आहे, ते सांगावे.

मंजुरीशिवाय काही बाहेर जात नाही. तुकडीचा किंवा मुख्यालयाचा पब्लिक अफेअर्स अधिकारी पाहून हिरवा कंदील देतो, आणि मग फुटेज ‘डिव्हिड्स’ या सेवेवर चढते. ही सेवा २००४ साली सुरू झाली, तिचे केंद्र अटलांटात आहे, आणि देशभरातल्या वृत्तवाहिन्या तिथून फुटेज विनामूल्य घेतात. सरकारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून केलेल्या चित्रणावर अमेरिकेत स्वामित्वहक्क राहत नाही, म्हणून तुमचे फुटेज कोणीही वापरू शकतो. वापरणाऱ्यांसाठी कच्चे, निवेदन नसलेले शॉटही जोडून द्यावेत, छोट्या गावच्या वाहिनीला बहुधा तेच हवे असतात.

प्रत्येक चित्राला एक ओळखक्रमांक असतो, त्याला ‘व्हिरिन’ म्हणतात. पहिले सहा आकडे वर्ष, महिना आणि दिवस यांचे, पुढे सेनादलाचे अक्षर, लष्करासाठी ‘ए’, त्यानंतर चित्रण करणाऱ्याची पाच अक्षर-आकड्यांची खूण आणि शेवटी चार आकडी अनुक्रम. तारीख चित्रणाची घालावी, पाठवणीची नव्हे. ही चूक फार वेळा होते.

आता नावांविषयी. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका परिचारिकेची दोन मिनिटांची मुलाखत मी प्रसिद्धीला दिली, आणि पडद्यावरच्या पट्टीत तिच्या आडनावातले एक अक्षर चुकले. मी तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवरून घाईत टिपून घेतले होते आणि तिने कॅमेऱ्यात सांगितलेली अक्षरे पुन्हा ऐकली नव्हती. तिच्या वडिलांनी तो व्हिडिओ गावभर दाखवला, आणि जो तो आधी त्या अक्षराबद्दलच बोलला. तिने मला फोनवर हे शांतपणे सांगितले, रागावली नाही, म्हणून ते अधिक लागले. माझे स्वतःचे आडनाव अमेरिकेत निम्म्या वेळा चुकीचे लिहिले जाते. त्याचे दुःख ठाऊक असूनही मी तेच दुसऱ्याच्या बाबतीत केले. तेव्हापासून पाठवणीपूर्वी प्रत्येक नाव फुटेजमधल्या आवाजाशी अक्षरागणिक ताडून पाहतो, आणि तुम्हीही तसेच करावे असे कळकळीने सांगतो.

हाच काटेकोरपणा परदेशी सैनिकांच्या बाबतीतही पाळावा. भारत आणि अमेरिका यांच्या लष्करांचा ‘युद्ध अभ्यास’ हा संयुक्त सराव २००४ पासून होत आला आहे, २०२२ मध्ये तो उत्तराखंडातील औली येथे झाला. अशा ठिकाणी मराठी जाणणारा जवान फार उपयोगी पडतो. ‘नाईक’, ‘हवालदार’, ‘सुभेदार’ हे हुद्दे आहेत, आडनावे नव्हेत, हे त्याला सांगावे लागत नाही. हुद्दा त्यांच्याच शब्दात लिहावा, त्याचे अमेरिकी भाषांतर करू नये.

बाहेरचे पत्रकार आले तर

नागरी पत्रकाराला घेऊन फिरणे हेही तुमचेच काम असते. त्याला सुरक्षेचे नियम आणि काय टिपता येणार नाही ते आधी सांगावे. पण सैनिकाची मुलाखत चालू असताना मध्ये बोलू नये, उत्तरे सुचवू नयेत. सैनिकालाही आधी एवढेच सांगावे की आपल्या कामाविषयी बोल, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे म्हण, आणि अंदाज करू नको.

घरची नोकरी

रिझर्व्हमधल्या अनेकांची नागरी नोकरी असते, काहींची तर वृत्तवाहिनीतच. १९९४ चा ‘यूसेरा’ हा कायदा लष्करी सेवेसाठी गैरहजर राहणाऱ्याच्या नोकरीचे रक्षण करतो, तरीही वर्षभराच्या बॅटल असेंब्लीच्या तारखा मालकाला जानेवारीतच कळवाव्यात, म्हणजे कटुता येत नाही. वाहिनीत काम करणाऱ्याने लष्करात कळलेली गोष्ट तिथे बातमी म्हणून वापरू नये, आणि लष्करी विषयावरची बातमी वाहिनीने सोपवलीच तर आपण राखीव दलात आहोत हे संपादकाला आधी सांगावे.

रविवारी संध्याकाळी सगळे घराकडे निघण्याच्या घाईत असतात. तेव्हाच फुटेजच्या दोन प्रती करून घ्याव्यात, एक तुकडीच्या संगणकावर आणि एक वेगळ्या डिस्कवर. ट्रायपॉडच्या पायांतला चिखल पुसावा, सामान क्रमांकासह परत करून सहीचा कागद मागून घ्यावा, बॅटऱ्या चार्जरला लावाव्यात, आणि पुढच्या महिन्यात ज्या पलटणीकडे जायचे तिच्या फर्स्ट सार्जंटचा फोन नंबर वहीत लिहूनच दार ओढून घ्यावे.